दोन किलो गुळातून जिवाणू किती?

जीवामृताची, म्हणजे जिवाणू वाढवून शेतात द्यायच्या शेण-गुळाच्या आंबवणीची, कृती विदर्भात आता कुणाला समजावून सांगावी लागत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ती गावोगावी नेली, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आज कितीतरी धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, निळे ड्रम उभे दिसतात. एकरी २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि धुऱ्यावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं.

मी तालुक्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो हे कळल्यावर, असाच ड्रम ढवळत असलेल्या एका काकांनी विचारलं, "काहो सर, हा दोन किलो गूळ टाकतो आमी. याच्यातून जिवाणू बनते किती, आन् वाया जाते किती?" गूळ काही फुकट येत नाही, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. पाठोपाठ दुसरा आला, "मंग किलोभरच टाकला तं?"

दोन्ही प्रश्नांना उत्तर देता येतं. पण ते ड्रममध्ये काठी घालून सापडत नाही. तिथे शेणातले अब्जावधी जिवाणू आधीपासून असतात, त्यांना खाणारे एकपेशीय जीव असतात, बेसनाचा चोथा असतो, मातीचे कण असतात. कोणी किती खाल्लं आणि कोण किती वाढलं हे त्या गर्दीत वेगळं काढणं अशक्य. म्हणून हा हिशेब काचेच्या फ्लास्कमध्ये मांडतात. एकच जात, तोलून टाकलेली एकच साखर, बाकी नुसते क्षार आणि पाणी.

असा हिशेब नीटपणे मांडणाऱ्यांत जाक मोनो हे पहिलं मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना त्याने जिवाणूंच्या वाढीवर काम केलं आणि १९४२ मध्ये त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. (१९६५ चं नोबेल त्याला जनुकं चालू-बंद कशी होतात या कामासाठी मिळालं. त्या शोधाची सुरुवातही याच वाढीच्या आलेखांतल्या एका विचित्र वळणापासून झाली होती, पण तो वेगळा लेख होईल.) मोनोने बाकी सगळं भरपूर ठेवलं आणि फक्त साखर मोजकी दिली. साखर संपली की वाढ थांबायची. साखर दुप्पट दिली की जिवाणूंचं वजनही दुप्पट भरायचं. साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे ठरावीक वजनाचे जिवाणू. हा जो उतारा आहे, म्हणजे ग्रॅमभर साखरेतून हाती येणारं वजन, तो त्या जातीचा आणि त्या परिस्थितीचा जवळजवळ ठरलेला आकडा असतो.

वजन म्हणजे वाळलेलं वजन. जिवंत पेशीत ७० ते ८० टक्के पाणीच असतं, म्हणून जिवाणू सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवायचे, धुवायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे आणि मग काट्यावर ठेवायचे. रोज रोज एवढं कोण करतो? व्यवहारात द्रावणाचा गढूळपणा मोजतात आणि वाळलेल्या वजनाशी त्याचा मेळ एकदा बसवून ठेवतात. त्याला एक साधा कलरीमीटर पुरतो.

आता आकडा. ई. कोलाय या जिवाणूला फक्त ग्लुकोज आणि भरपूर हवा दिली, तर १ ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे अर्धा ग्रॅम वाळलेले जिवाणू मिळतात. ऐकायला निम्माच वाटतो, पण कार्बनच्या बाजूने बघा. ग्लुकोजमध्ये ४० टक्के कार्बन असतो आणि वाळलेल्या पेशीत जवळपास ५० टक्के. म्हणजे खाल्लेल्या ०.४ ग्रॅम कार्बनपैकी पाव ग्रॅमच्या आसपास, साठ टक्के, पेशीच्या अंगाला लागला. उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेला. तो उगाच गेला असं म्हणता येणार नाही. तो जाळून मिळालेल्या ऊर्जेवरच बाकीच्या साठ टक्क्यांची पेशी बांधली गेली.

हवा बंद केली तर?

लुई पाश्चरने १८६१ मध्येच हे बघितलं होतं. यीस्टला हवा मिळाली की ते थोड्या साखरेवर खूप वाढतं. हवा बंद केली की साखर भराभर संपते आणि यीस्ट मात्र फार वाढत नाही. आजच्या आकड्यांत, हवेत यीस्टचा उतारा ग्रॅममागे अर्धा ग्रॅमपर्यंत जातो. हवा नसेल तर तो ०.१ ग्रॅमच्या आसपास येतो. पाचपट फरक.

कारण असं. कोणतीही पेशी साखरेतली ऊर्जा थेट वापरत नाही. आधी ती एटीपी नावाच्या रेणूत भरते, आणि पेशीतली बहुतेक कामं तो एटीपी मोडून होतात. हवा असेल तर ग्लुकोजचा रेणू पूर्ण जळतो आणि त्यातून भरपूर एटीपी निघतात. जुन्या पाठ्यपुस्तकांत ३८ हा आकडा छापलेला असतो आणि परीक्षेत आजही तोच लिहावा लागतो. नवा हिशेब ३० ते ३२ चा आहे, आणि बऱ्याच जिवाणूंना तेवढेही मिळत नाहीत. हवा नसेल तर यीस्टला एका ग्लुकोजमागे मिळतात फक्त २.

मग बाकीची ऊर्जा जाते कुठे? पूर्व विदर्भात याचं उत्तर कुणालाही ठाऊक आहे, फक्त या शब्दांत नाही. मोहफुलं भिजवून आंबवली की त्यांतल्या साखरेवर यीस्ट वाढतं, आणि भट्टी लावल्यावर निघालेली पहिली धार काडी लावली की निळी पेटते. तीच ती ऊर्जा. १८० ग्रॅम ग्लुकोज जाळलं तर २८०५ किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्याच ग्लुकोजपासून झालेलं ९२ ग्रॅम अल्कोहोल जाळलं तर सुमारे २७३४. दारूत गेलेल्या साखरेतली ९७ टक्के उष्णता दारूतच शिल्लक आहे. यीस्टने वरवरचं काढून घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं.

गोबर गॅसचंही तेच. शेणाच्या रबडीत हवा नसते. तिथल्या जिवाणूंच्या साखळीच्या शेवटी मिथेन निघतो, आणि १८० ग्रॅम ग्लुकोजमधून निघणाऱ्या मिथेनमध्ये मूळच्या उष्णतेपैकी ९५ टक्के उरलेली असते. ते जिवाणू काटकसरी असते, हवा वापरून सगळं स्वतःच जाळू शकले असते, तर शेगडी पेटलीच नसती. आपला चहा त्यांच्या कमी उताऱ्यावर उकळतो.

आता ड्रमकडे. पाण्यात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो. ३० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे २०० लिटरमध्ये दीड ग्रॅम. एक ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळायला मात्र १.०७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ड्रममधल्या सगळ्या ऑक्सिजनवर दीड ग्रॅमसुद्धा साखर जळत नाही, आणि आपण टाकली आहे किलोंनी. वरच्या पृष्ठभागातून हवा झिरपते, ढवळल्यावर आणखी दीडेक ग्रॅम येतो, पण त्याने हिशेब फारसा हलत नाही. काठीने दोनदा ढवळल्यामुळे जिवाणूंना "हवा मिळते" असं सांगितलं जातं ते मला पटत नाही. तळाचा साका वर येतो आणि गूळ-बेसन सगळीकडे सारखं पोचतं, हा ढवळण्याचा खरा उपयोग.

गुळात ८५ टक्के साखर धरली, तर २ किलोत १.७ किलो. सगळी हवेत वापरली गेली असती तर साडेआठशे ग्रॅम वाळलेले जिवाणू मिळाले असते. हवेविना एकदशांश धरला तर १७० ग्रॅम. ड्रममधलं उत्तर या दुसऱ्या आकड्याच्या जवळपास असणार. काकांना मी हेच सांगितलं, दोन किलोतून पावशेरही नाही. ते थोडे खट्टू झाले. पण १ ग्रॅम वाळलेल्या वजनात ई. कोलायच्या आकाराचे सुमारे तीन लाख कोटी जिवाणू बसतात, तेव्हा १७० ग्रॅम म्हणजे कमी समजू नका.

प्रयोगशाळेत ही हवेची अडचण शेकरने सोडवतात. फ्लास्क पाचव्या हिश्श्याएवढाच भरायचा आणि रात्रभर गरगर फिरवायचा. आमच्या भागात यातली खरी अडचण म्हणजे लाईट. लिटरमागे एक ग्रॅम वाळलेल्या वजनाएवढी दाट वाढ झालेली असेल आणि शेकर थांबला, तर पाण्यातला ऑक्सिजन मिनिट-दोन मिनिटांत संपतो. मग तेच ई. कोलाय आंबवण्याच्या मार्गावर उतरतं, आम्लं सोडतं, आणि तासाभराने लाईट आली तरी त्या फ्लास्कचा उतारा शेजारच्या शहरातल्या लॅबशी जुळत नाही. भारनियमनाच्या दिवसांतल्या वाढीच्या आलेखावर मध्येच एक पायरी दिसते. मुलं ती पुसून सरळ रेघ काढतात, आणि मी ती पुन्हा काढायला लावतो.

एका एटीपीवर किती?

इथवर गोष्ट सोपी होती, जास्त एटीपी तर जास्त वाढ. पण एका एटीपीमागे नेमकी किती पेशी तयार होते, आणि हा दर सगळ्या सूक्ष्मजीवांत सारखाच असतो का? इंग्लंडमधल्या शेफील्डला बाउचॉप आणि एल्सडन या दोघांनी १९६० मध्ये हा प्रश्न फार हुशारीने सोडवला. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं काम तेच वाटतं, कारण त्यात महागडं यंत्र काही नाही.

त्यांनी हवा मुद्दाम बंद ठेवली. हवेत एटीपी किती निघाले हे सांगणं कठीण असतं. आंबवण्यात तो आकडा पक्का माहीत असतो. पेशी बांधायला लागणारी अमिनो आम्लं त्यांनी माध्यमात तयारच दिली, म्हणजे ग्लुकोज फक्त ऊर्जेसाठी वापरलं जाईल. आणि जाती निवडल्या त्या अशा की एटीपी काढण्याचे मार्ग वेगवेगळे पडावेत. यीस्टला एका ग्लुकोजमागे २ एटीपी मिळतात. आतड्यात राहणाऱ्या एका स्ट्रेप्टोकॉकसलाही २. तिसरा जिवाणू आज झायमोमोनास म्हणून ओळखला जातो. तो मेक्सिकोतल्या आंबवलेल्या पेयात आणि ताडीसारख्या रसांतही सापडतो, दारू यीस्टसारखीच बनवतो, पण वेगळ्या वाटेने, आणि त्याला एका ग्लुकोजमागे १ च एटीपी मिळतो.

उतारा काढला तर पहिल्या दोघांचा १८० ग्रॅम ग्लुकोजमागे २० ग्रॅमच्या जरा वर आला, आणि झायमोमोनासचा ८ च्या आसपास. साखर तीच, दारूही तीच, पण एटीपी निम्मे म्हणून पेशीही निम्म्याहून कमी. सगळ्यांची सरासरी काढल्यावर त्यांनी सांगितलं, दर मोल एटीपीमागे १०.५ ग्रॅम पेशी. (मोल म्हणजे रेणू मोजण्याचं माप, १८० ग्रॅम ग्लुकोज म्हणजे एक मोल.) जीव कोणताही असो, एटीपीचा भाव जवळपास एकच. पुढची कित्येक वर्षं हा १०.५ पाठ्यपुस्तकांत जणू निसर्गाचा नियम म्हणून छापला गेला.

तो नियम नव्हता. नेदरलंड्समधल्या स्टाउटहॅमरने १९७३ मध्ये उलट्या बाजूने हिशेब केला. पेशीत प्रथिनं किती, आरएनए किती, पेशीभित्तिका किती, आणि यातली एकेक गोष्ट बांधायला एटीपी किती लागतात, याची बेरीज. सर्वांत मोठा खर्च प्रथिनांचा निघाला. वाळलेल्या पेशीचा निम्मा भाग प्रथिनंच असतो, आणि साखळीत एकेक अमिनो आम्ल जोडायला चार एटीपीएवढी ऊर्जा लागते. सगळं धरूनही तयार ग्लुकोज मिळत असेल तर मोल एटीपीमागे सुमारे ३० ग्रॅम पेशी व्हायला हव्यात, असं उत्तर आलं. प्रत्यक्षात होतात १०.५. म्हणजे दोनतृतीयांश एटीपी बांधकामाला लागतच नाहीत, दुसरीकडेच जातात.

त्यातला एक भाग आपल्याला गोठ्यात दिसतो. उन्हाळ्यात शेतात काम नसलं तरी बैलाला कुटार आणि पाणी द्यावंच लागतं. उभ्या बैलालाही पोट असतं. पेशीचं तसंच. ती वाढत नसली तरी आवरणातून गळणारे क्षार परत आत ओढायचे असतात, मोडलेली प्रथिनं आणि आरएनए पुन्हा बांधायची असतात, शेपटी असेल तर ती फिरवायची असते. लंडनमधल्या पर्टने १९६५ मध्ये हा खर्च वेगळा काढायची रीत दिली. साखर दोन वाटांनी जाते, एक वाढीला आणि दुसरी नुसतं जिवंत राहायला. दुसरी वाट वेळेवर अवलंबून असते, वाढीवर नाही.

हे मोजायला केमोस्टॅट लागतो. त्यात एका बाजूने ताजं माध्यम थेंब थेंब येत राहतं आणि तेवढंच दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. थेंबांचा वेग कमी-जास्त केला की जिवाणूंना तुम्ही म्हणाल त्याच वेगाने वाढावं लागतं. ही कल्पना १९५० मध्ये मोनोने मांडली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत नोव्हिक आणि झिलार्ड यांनी स्वतंत्रपणे मांडली. हा झिलार्ड म्हणजे अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचलेला भौतिकशास्त्रज्ञ, जो युद्धानंतर जिवाणूंकडे वळला.

ई. कोलायचा आकडा घेऊन बघू. १ ग्रॅम वाळलेल्या पेशींना नुसतं जिवंत राहायला तासाला साधारण ०.०५ ग्रॅम ग्लुकोज लागतं. तासाला दुप्पट होणारे जिवाणू वाढीसाठीच तासाला १.४ ग्रॅम खातात, त्यापुढे हे ०.०५ कुणाच्या लक्षातही येत नाही, तीन-चार टक्के. आता तेच जिवाणू चोवीस तासांत एकदा दुप्पट होतायत असं समजा. वाढीला लागतात तासाला जेमतेम ०.०६ ग्रॅम, आणि जगायला तेच ०.०५. जवळपास निम्मी साखर नुसती टिकून राहण्यात गेली. मातीत जिवाणू बहुतेक काळ अर्धपोटीच असतात आणि याहूनही सावकाश वाढतात, म्हणून मातीतला उतारा फ्लास्कपेक्षा कमी पडतो. शिवाय हा खर्च उष्णतेबरोबर वाढतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या लॅबमधला पंखा गरम हवाच फिरवतो, तेव्हा इन्क्युबेटरबाहेर राहिलेल्या फ्लास्कचे आकडे मी हिशेबात धरत नाही.

पण जगण्याचा खर्च वजा करूनही स्टाउटहॅमरचे ३० भरत नाहीत. अजून काहीतरी गळतंय. त्याचा एक सुरेख पुरावा पुन्हा गोठ्यातूनच आला. गायीच्या पोटात राहणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस बोविस या जिवाणूवर अमेरिकेत जेम्स रसेलने बरंच काम केलं. याला साखर भरपूर दिली आणि नायट्रोजन तोकडा ठेवला, तर तो वाढायचा थांबतो पण खायचा थांबत नाही. साखर जळत राहते, एटीपी बनत राहतात, आणि ते आवरणाबाहेर प्रोटॉन ढकलण्यात खर्च होतात. तेच प्रोटॉन परत आत येतात, पुन्हा बाहेर ढकलले जातात. यातून तयार काहीच होत नाही, फक्त उष्णता बाहेर पडते.

म्हणजे साखर आहे म्हणून उतारा मिळेलच असं नाही. बांधायला लागणारी बाकी सामग्रीही त्याच प्रमाणात हवी. जीवामृतात गुळाबरोबर बेसन का, याचं उत्तर इथे सापडतं. २ किलो बेसनात २० टक्के प्रथिनं धरली तर ४०० ग्रॅम, आणि त्यात नायट्रोजन ६४ ग्रॅम. वाळलेल्या पेशीत १२ ते १४ टक्के नायट्रोजन असतो, तेव्हा एवढ्यावर सुमारे ५०० ग्रॅम जिवाणू उभे राहू शकतात. गूळ हवेविना पोसतो १७० ग्रॅम. शेण आणि गोमूत्रातला नायट्रोजन यात धरलेलाच नाही. ड्रममध्ये नायट्रोजनची टंचाई नाही, उलट नायट्रोजनपुरतं बघितलं तर बेसन गरजेपेक्षा जास्त आहे.

यावरून काकांच्या दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर मिळतं. वाढ साखरेवाचून अडत असेल तर मोनोचा नियम लागू. गूळ निम्मा केला की गुळावर वाढणारे जिवाणू निम्मे. पण ड्रममधले सगळे जिवाणू गुळावर वाढलेले नसतात. दहा किलो शेणाबरोबर जे येतात ते किलोभर गुळातही तेवढेच राहतील. शेतात गेल्यावर त्यातले किती टिकतात आणि पिकाला त्यांचा किती उपयोग होतो, हा फ्लास्कचा प्रश्न नाही, शेतातल्या वाफ्यांचा आहे, आणि तो सोडवायला वेगळीच माणसं लागतात.

घाई आणि काटकसर

एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी अडते. हवा भरपूर असेल तर जिवाणू सगळी साखर नीट जाळून जास्तीत जास्त एटीपी काढतील, असं आपण गृहीत धरतो. ते तसं करत नाहीत. साखर मुबलक असली की यीस्ट हवेतसुद्धा दारू बनवतं. ई. कोलायही हवेत असूनच आम्ल, म्हणजे अ‍ॅसिटेट, बाहेर टाकतं. पुरतं न जाळताच साखर फेकून देणं हा वेडेपणा वाटतो.

यामागचं गणित २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या टेरेन्स ह्वा यांच्या गटाने ई. कोलायवर मोजून दाखवलं. श्वसनाने, म्हणजे हवेत साखर पूर्ण जाळून, एटीपी जास्त मिळतात, पण श्वसनाची यंत्रणा बांधायला प्रथिनंही जास्त लागतात. पेशीत प्रथिनांना जागा मर्यादित. वेगाने वाढायचं तर त्यातला मोठा हिस्सा रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बांधणाऱ्या यंत्रणेलाच, द्यावा लागतो. मग एटीपीसाठी कमी प्रथिनांत भागणारा मार्ग परवडतो, साखर वाया गेली तरी. समोर साखर मुबलक असेल तर तिचा एकेक कण वाचवणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याच्या आधी दुप्पट होणारा टिकतो. उतारा ही आपली काळजी आहे, जिवाणूची नाही.

बेकरीचं यीस्ट बनवणारे कारखाने गेली शंभर वर्षं याच स्वभावाशी खेळत आलेत. त्यांना दारू नको, यीस्ट हवं. म्हणून साखर कारखान्यातली मळी ते एकदम ओतत नाहीत. टाकीत हवा जोरात सोडतात आणि मळी थोडी थोडी वाढवत नेतात, म्हणजे यीस्ट कायम जरासं भुकेलं राहतं आणि सगळी साखर जाळत जातं. ड्रममध्ये दोन किलो गूळ एका दमात पडतो, हा त्याच्या बरोबर उलटा प्रकार. अर्थात धुऱ्यावर हवेचा पंप लावून गूळ थेंबाथेंबाने सोडायला कुणी बसणार नाही, आणि बसूही नये. गुळापेक्षा विजेचं बिल जास्त येईल.

नायट्रोजनचा खर्च

शेवटी ज्यासाठी शेतकरी जिवाणूंकडे सगळ्यात जास्त आशेने बघतो, ते काम. हवेतला नायट्रोजन पकडणं. उताऱ्याच्या हिशेबात याहून महाग काम क्वचितच असेल. नायट्रोजनचा एक रेणू मोडून अमोनिया करायला किमान १६ एटीपी लागतात, वर आठ इलेक्ट्रॉन वेगळे.

अ‍ॅझोटोबॅक्टर हा मातीत मोकळा राहून हे काम करणारा जिवाणू, बायेरिंकने १९०१ मध्ये वर्णन केलेला. त्याच्यापुढे आणखी एक पेच आहे. नायट्रोजन पकडणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि जगायला तर ऑक्सिजन हवाच. म्हणून तो पेशीत शिरणारा ऑक्सिजन आतल्या आत जाळून टाकण्यासाठीच प्रचंड वेगाने साखर खातो. परिणाम असा, की १ ग्रॅम साखरेमागे तो १० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन पकडतो, फार तर दुप्पट. दोन किलो गूळ नुसत्या अ‍ॅझोटोबॅक्टरला खाऊ घातला, तर सगळं सुरळीत होऊनही हाती येईल सतरा ते चौतीस ग्रॅम नायट्रोजन. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत वीस किलोहून जास्त असतो. गूळ टाकून हवेतला नायट्रोजन मिळवू, असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापुढे हा आकडा ठेवावा.

रायझोबियमला हे परवडतं, कारण त्याची साखर दुसरं कुणी भरतं. सोयाबीन आणि तुरीच्या मुळावरच्या गाठींत तो राहतो, आणि पानांत तयार झालेली साखर झाड त्याला खाली पाठवतं. ऑक्सिजनचा पेचही झाडच सोडवतं. गाठीत आपल्या रक्तातल्यासारखं एक लाल प्रथिन असतं, ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला जेवढा हवा तेवढाच सोडतं. नखाने गाठ फोडली आणि आत गुलाबी-लाल रंग दिसला तर ती काम करते आहे. आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. बीजप्रक्रियेला १० किलो बियाण्यामागे २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं ते यामुळेच. पाकिटातल्या जिवाणूंनी फक्त मुळापर्यंत पोचायचं असतं, पुढचा खर्च पीक करतं. पण तो खर्च पिकालाही जड असतो. मातीत तयार नत्र भरपूर मिळालं तर सोयाबीन गाठी कमी धरतं, म्हणून पेरणीबरोबर युरिया जास्त पडलेल्या शेतात झाड हिरवंगार दिसतं आणि उपटल्यावर मुळं जवळजवळ मोकळी निघतात.